मधल्या कोर्टावर हरलेल्या बाई

तुमच्या गावच्या मैदानावर संध्याकाळी पाच वाजता किती मुली खेळत असतात? भावाचं दप्तर धरून कडेला उभ्या असलेल्या धरू नका. डोक्यावर हंडा घेऊन मैदानातून आडव्या जाणाऱ्याही धरू नका. घामाने केस कपाळाला चिकटलेल्या, ओरडणाऱ्या, हरल्यावर पाय आपटणाऱ्या, अशा किती?

बहुतेकांचं उत्तर मला माहीत आहे. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतली पुष्कळ मैदानं मी पाहिली आहेत. जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात मात्र उत्तर वेगळं येतं. तिथे आश्रमशाळेशेजारी, गावच्या मोकळ्या जमिनीवर, शेणाने सारवलेलं एक टेनिस कोर्ट आहे. पावसाळा सोडला तर त्यावर रोज संध्याकाळी मुली खेळतात. ते कोर्ट ज्यांच्यामुळे झालं त्या बाई एके काळी टेनिसमध्ये राज्याच्या विजेत्या होत्या. आता त्यांच्याच नावाचं सभागृह त्याच कोर्टावर बांधायचा ठराव ग्रामसभेपुढे आहे. ठराव मंजूर झाला तर भिंतीवर बाईंचं नाव लागेल आणि मुली पुन्हा कडेला उभ्या राहतील. म्हणून हे लिहिते आहे.

मी त्याच आश्रमशाळेत शिकले. शाळेत बाई पुष्कळ होत्या. गणिताच्या बाई, मराठीच्या बाई, स्वयंपाकघरावर देखरेख करणाऱ्या बाई. पण नुसतं ‘बाई आल्या’ म्हटलं की आम्ही मुली खेळाच्या बाईंसाठीच दप्तरं आवरायचो. उंच, सावळ्या, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा चांगलाच जाड होता. वर्षानुवर्षं रॅकेट फिरवून तो तसा झाला होता. जव्हारच्या बाजारातल्या शिंप्याला हे कधी पटलंच नाही. आपलंच माप चुकलं असं समजून तो दर वेळी दोन्ही बाह्या सारख्या शिवायचा आणि बाई दर वेळी ब्लाउज परत न्यायच्या. शेवटी त्याने वहीत त्यांच्या नावापुढे लिहून ठेवलं, ‘एक हात पैलवान’. बाईंनी ते वाचलं आणि त्यांना ते इतकं आवडलं की शाळेत येऊन आम्हाला सांगितलं.

अंतर त्या कोर्टांत मोजायच्या. त्यांच्या लेखी मीटर आणि किलोमीटर ही कागदावरची मापं होती. जीपस्टँडपासून शाळेचं फाटक अकरा कोर्टं. वसतिगृहापासून विहीर सहा कोर्टं, आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी खालच्या झऱ्यावर जावं लागलं की ‘आज तीस कोर्टं चाललात, आज पळायला सुट्टी.’ दाभोसा गावच्या एका मुलीने घर किती लांब असं विचारल्यावर ‘खूप लांब’ म्हटलं, तर तिला बाईंनी सुट्टीवरून येताना पावलं मोजून यायला सांगितलं. ती बिचारी येताना जीपमध्ये बसायलाच तयार होईना, कारण जीपमध्ये पावलं कशी मोजायची हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

आणखी एक खोड होती, कुठेही टेनिसचे गुण मोजायची. ती तालुक्याच्या एका कचेरीत सगळ्यांना ठाऊक झाली होती. शाळेच्या मैदानासाठी जमीन दाबायचा रूळ हवा, असा अर्ज बाईंनी केला होता. काउंटरवरचे भाऊसाहेब म्हणाले, साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात या. बाई शांतपणे म्हणाल्या, “पंधरा–शून्य. तुमचे पंधरा.” भाऊसाहेबांना काही कळलं नाही. पुढच्या आठवड्यात अर्ज सापडत नव्हता. “तीस–शून्य.” त्यानंतर अर्ज सापडला, पण वरची सही चुकीच्या जागी होती. “चाळीस–शून्य.” चौथ्या वेळी बाई डबा आणि रॅकेट घेऊन गेल्या, काउंटरसमोरच्या बाकावर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. रॅकेटच्या तारा एकेक करून तपासत होत्या. कचेरीतली माणसं येऊन बघून जात होती. पाचच्या सुमारास अर्जावर शिक्का बसला. रूळ मिळालाच नाही, ती गोष्ट वेगळी. पण त्यानंतर बाई कुठल्याही कामाला गेल्या की तेच भाऊसाहेब चष्म्यावरून बघत विचारायचे, “बाई, आज कुणाची सर्व्हिस?” आणि खरं सांगायचं तर त्यानंतर आमच्या शाळेचे कागद तिथे जास्त वेळ पडून राहिले नाहीत.

बाई इथल्या नव्हत्या. त्यांचे वडील एका मोठ्या शहरातल्या जिमखान्यात टेनिसची कोर्टं राखायचे. पहाटे पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या. सभासद घरी गेले की उरलेल्या उजेडात या मुलीला भिंतीवर चेंडू मारायची परवानगी होती. कोर्टावर नाही, भिंतीवर. त्या भिंतीवर शिकून ही मुलगी राज्याची विजेती झाली. खेळाडूंच्या राखीव जागेतून तिला सरकारी शाळेत नोकरी मिळाली आणि काही वर्षांनी बदली झाली ती इकडे. इकडे बदली होणं याला सरकारी भाषेत काय समजतात हे आपल्याला कुणी सांगायला नको. येणारा माणूस सामान सोडायच्या आधी परत जायचा अर्ज लिहितो. बाईंना त्यांच्या जुन्या शाळेतल्या कुणी तरी विचारलं होतं म्हणे, ही शिक्षा कशाबद्दल? बाईंनी उलट विचारलं, तिथे मुली राहतात ना? मग शिक्षा कुणाला आहे?

त्यांनी परतीचा अर्ज कधी केला नाही.

आता ते मधलं कोर्ट. ही गोष्ट बाई पावसाळ्यात सांगायच्या, आमचं कोर्ट वाहून गेलं की. वर्गात पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की त्यांना ओरडून सांगावं लागायचं.

त्या पहिल्यांदा राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचल्या होत्या. मधल्या कोर्टाला तिन्ही बाजूंनी पायऱ्या होत्या, सावली होती, प्रेक्षक होते. ते पुरुषांच्या सामन्यासाठी ठेवलेलं होतं. बायकांचा सामना कडेच्या कोर्टावर, भर दुपारी बारा वाजता, म्हणजे संध्याकाळी पाहुणे यायच्या आत उरकेल. बाईंनी संयोजकांना विचारलं की हे कुणी ठरवलं. तर नेहमी असंच असतं, असं उत्तर मिळालं. बाईंनी आपली पिशवी उचलली आणि मधल्या कोर्टावर जाऊन बेसलाइनवर मांडी घालून बसल्या. संयोजक आले, समजावून गेले, दम देऊन गेले, बाद करू म्हणाले. मग ज्या मुलीशी सामना होता ती आली. मोठ्या घरची, मोटारीतून येणारी मुलगी. बाईंना वाटलं, आता ही तक्रार करणार. ती दुसऱ्या बाजूच्या बेसलाइनवर जाऊन बसली. दोघी एकमेकींकडे बघत दोन तास उन्हात बसल्या. शेवटी त्यांना तिथेच खेळू द्यावं लागलं.

“मग तुम्ही जिंकलात?” आम्ही दर वर्षी विचारायचो.

“हरले,” बाई दर वर्षी तितक्याच आनंदाने सांगायच्या. “सरळ दोन सेटमध्ये हरले. उन्हात बसून पायात गोळे आले होते. पण मधल्या कोर्टावर हरले.”

नंतरच्या वर्षी त्या जिंकल्या, त्यानंतरही जिंकल्या, आणि बायकांचा सामना पुन्हा कडेच्या कोर्टावर गेला नाही. पण ते त्या एका वाक्यात उरकायच्या. हरल्याची गोष्ट मात्र पूर्ण तासभर चालायची.

आमच्या मैदानावर पहिली दोन वर्षं टेनिस झालंच नाही. जमीन उंचसखल होती, मुरूम वर आलेला. चेंडू टप्पा घेऊन कुठे जाईल याचा नेम नसायचा. एकदा तो स्वयंपाकघराच्या डाळीच्या पातेल्यात गेला होता. बाई रूळ मागत होत्या आणि रूळ येत नव्हता. एका रविवारी माझी आई आमच्या गावाहून, साखरशेतहून, मला भेटायला आली. बाई कुदळ घेऊन एकट्याच मैदान सपाट करत होत्या. आई थोडा वेळ बघत राहिली. मग हसायला लागली. आईला शाळेतल्या कुणाशी बोलायची भीती वाटायची, तिची मराठी शाळेसारखी नाही म्हणून. पण शेतीच्या कामात कुणी चुकताना दिसलं की तिची भीती जायची.

“बाय, हे काय करते?”

बाईंनी सांगितलं, जमीन सपाट आणि टणक हवी. चेंडू टाकला तर सरळ वर यायला हवा.

“म्हंजे खळं पायजे तुला,” आई म्हणाली. “मंग असं एकटीनं नाय होत. खळं एकटीचं नसतं.”

पुढच्या रविवारी आई साखरशेतच्या सहा बायका घेऊन आली. या गावच्याही बायका आल्या, आधी बघायला आणि मग पदर खोचून. दगड वेचले. वारुळाची माती आणून पसरली, पाणी शिंपडलं, लाकडी चोपण्यांनी ओळीत बसून चोपली. वर शेणाचा हात फिरवला. बाईंनी आयुष्यभर कोर्टं पाहिली होती, वडिलांच्या हाताखाली रूळ ओढला होता. तीन दिवसांनी त्यांनी वाळलेल्या जमिनीवर खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडला. तो सरळ वर आला आणि कमरेशी थांबला. बाईंनी तो उचलला. चेंडू पुन्हा सोडला. असं त्यांनी वीसेक वेळा केलं असेल. आई मला हळूच म्हणाली, तुझी बाय येडी हाय काय गं?

जाळी दाभोशाच्या एका म्हाताऱ्याने मासेमारीच्या जुन्या जाळ्यांतून बांधून दिली. रेघा तांदळाच्या पिठाच्या.

आणि मग एक चूक झाली. बाई कसल्याशा शिबिराला चार दिवस बाहेर गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा कोर्टावर नाचणीच्या कणसांचा ढीग पडलेला आणि दोन बैल त्यावर गोल फिरत होते. बरोबर कोर्टाच्या मध्यावर, जाळी काढून ठेवून, गावकऱ्यांनी एक जाड खांब पुरला होता. त्याला आपल्याकडे मेढ म्हणतात, बैल तिच्याभोवती फिरवतात. गावाचंही काही चुकलं नव्हतं. एवढं चांगलं खळं पीक हाताशी आलेलं असताना मोकळं कोण ठेवेल? उलट लोकांना बाईंचीच दया आली होती. दोन्ही कडांना खांब आणि मध्ये काहीच नाही. शहरातल्या बाईला मेढ ठाऊक नसणार, म्हणून त्यांनी आपणहून पुरून दिली.

आम्हाला वाटलं आता बाई कडाडणार. बाईंनी बूट काढून बाजूला ठेवले, दगडावर बसल्या आणि मळणी संपेपर्यंत बघत राहिल्या. संध्याकाळी बायकांनी खळं झाडलं, फिरून शेणाने सारवलं आणि वाळल्यावर खेळा म्हणाल्या. ज्याने खळं वापरलं त्याने ते सारवून द्यायचं, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. जाता जाता त्यांनी सूपभर नाचणी बाईंपुढे ठेवली. खळ्यावर ज्याचा हक्क, त्याला सूपभर. बाई कुणाकडून कधी पेढासुद्धा घ्यायच्या नाहीत. ती नाचणी त्यांनी ओच्यात घेतली.

मेढ त्यांनी काढू दिली नाही. टेनिसची जाळी मध्यावर थोडी खाली बांधावी लागते, नाहीतर ती वाऱ्याने फुगते. आमची जाळी सारखी फुगायची. बाईंनी त्याच खड्ड्यात आखूड मेढ पुरली, बरोबर हव्या त्या उंचीची, आणि जाळीचा मध्य तिला बांधला. तेव्हापासून मळणीला लांब मेढ आणि खेळाला आखूड मेढ. फक्त एकाच गोष्टीवर भांडण झालं. कुणीतरी जाळीवर सुकट वाळत घातली होती. बाई म्हणाल्या, मळा, झोडा, बैल फिरवा, पण माझ्या चेंडूला बोंबलाचा वास येता कामा नये.

पावसात हे कोर्ट वाहून जातं. दर वर्षी. आपल्याकडचा पाऊस मातीला सोडत नाही. आणि दर वर्षी भात कापून झालं की बायका येतात, माती आणतात, चोपतात, सारवतात. बाई निवृत्त झाल्या, गावातच एक खोली घेऊन राहिल्या, आणि अजूनही चोपणं हातात घेऊन ओळीत बसतात. एक हात पैलवान असल्यामुळे त्यांची ओळ नेहमी पुढे जाते आणि बायका त्यांना मागे ओढतात.

खेळ कसा शिकवायच्या? फटके कमी, शिस्त जास्त. टेनिसमध्ये एक रीत आहे. चेंडू जाळीच्या काठाला लागून नशिबाने पलीकडे पडला आणि पॉइंट मिळाला, तर हात वर करून समोरच्याची माफी मागतात. आमच्यातली सविता प्रत्येक पॉइंटला हात वर करायची. जोरात मारून मिळवलेल्या पॉइंटलासुद्धा. सविता याच गावची, घरात पाच बहिणी. जेवायला बसली तरी आधी ‘चुकलं’ म्हणायची. एकदा बाईंनी खेळ थांबवला आणि जाळीजवळ गेल्या.

“हात कशाला वर केलास?”

“चुकलं बाई.”

“काय चुकलं? तू मारलास, तो रेघेच्या आत पडला. नशिबाने आलेल्या पॉइंटला माफी मागायची. मारून मिळवलेल्याला नाही. मागितलीस तर पॉइंट तिला देईन.”

पुढच्या पॉइंटला सविताचा हात सवयीने वर गेला. बाईंनी पॉइंट दिला समोरच्या मुलीला. त्याच्या पुढच्यालाही तसंच. सविता जिंकत होती आणि गेममागून गेम हरत होती. आम्ही हसत होतो, ती रडत होती. त्या संध्याकाळी शेवटचा एकच पॉइंट तिने हात खाली ठेवून घेतला. मुठी आवळून मांडीला दाबून ठेवल्या होत्या.

ही सविता आता त्या गावच्या ग्रामपंचायतीची सदस्य आहे. बायकांच्या राखीव जागेवर निवडून आली. राखीव जागेवरची बाई म्हणजे दाखवलेल्या ठिकाणी सही करणारी, असं पुष्कळांना वाटतं. गेल्या महिन्यात मासिक सभेत तिच्यापुढे नोंदवही सरकवली गेली. ती म्हणाली, आधी वाचून दाखवा. वाचून दाखवलं. तो ठराव सविताने मला नंतर दाखवला. मी लहानपणापासून सरकारी पत्रकं वाचत आले आहे, त्यामुळे कागदाची भाषा मला कळते. ‘सदर जागेवरील तात्पुरत्या व कच्च्या स्वरूपाचे खळे काढून टाकून, तालुक्याच्या भूषण असलेल्या विजेत्या महिला खेळाडूंचे नावे बहुउद्देशीय सभागृह उभारणेबाबत.’ अख्ख्या ठरावात मुली हा शब्द नाही.

कुणीतरी म्हणालं, अगं, तुझ्याच बाईंचा सन्मान आहे. कर सही.

“सही नाही करणार,” सविता म्हणाली. “हे गावापुढे न्या.”

एवढंच म्हणाली आणि खाली बसली. चुकलं म्हणाली नाही. म्हणून ठराव ग्रामसभेपुढे आला. नाहीतर आज तिथे पाया खणलेला दिसला असता.

सभागृहाची कल्पना दुष्ट माणसांची नाही, हेही सांगायला हवं. जव्हारच्या काही प्रतिष्ठित मंडळींनी सत्कार समिती केली आहे. समितीचे प्रमुख निवृत्त मुख्याध्यापक आहेत, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. भला माणूस. बाईंचे चषक एका पत्र्याच्या पेटीत पडलेले पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते बाईंना भेटायला आले तेव्हा मी तिथे होते. बाई कोर्टाच्या कडेला उकिडव्या बसून शेणाचा हात फिरवत होत्या. कोपरापर्यंत माखलेल्या. गुरुजींनी आणलेली शाल कुठे घालावी हे त्यांना कळेना.

त्यांनी बाईंच्या चरित्राचा कागद वाचायला आणला होता, संगमरवरावर कोरायचा. बाईंनी हात धुतले, कागद वाचला, पेन मागितलं. जिंकलेल्या स्पर्धांच्या यादीवर एक आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘मधल्या कोर्टावर हरल्या.’ गुरुजी म्हणाले, बाई, पराभव कसा कोरायचा? लोक काय म्हणतील? बाई म्हणाल्या, तेवढंच खरं मी केलं आहे, बाकीचं भिंतीवर सराव करून कुणालाही जमलं असतं.

मग मुद्द्याचं बोलणं झालं. ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण सगळं त्यात आहे.

गुरुजी म्हणाले, “अहो, हे खळं दर वर्षी वाहून जातं. तुमच्यानंतर कोण सारवणार? सभागृह पक्कं असेल. शंभर वर्षं तुमचं नाव राहील.”

“वाहून जातं म्हणून तर बायका दर वर्षी येतात, गुरुजी. पक्कं झालं की कुणी यायची गरजच उरली नाही.”

“पण जागा दुसरी सपाट नाही गावात.”

“ही तरी कुठे सपाट होती?”

गुरुजी थोडे दुखावले. त्यांनी शाल घडी करून पिशवीत ठेवली. म्हणाले, जमीन गावची आहे, तुमची किंवा माझी नाही. ग्रामसभा ठरवेल. मला वाटलं, आता बाई भांडतील. बाई म्हणाल्या, “बरोबर आहे. आमच्या खेळात पंच नसला तर चेंडू ज्याच्या बाजूला पडला त्याने सांगायचं, आत की बाहेर. समोरच्याने ते मानायचं. गाव सांगेल ते मी मानेन. आणि माझ्या नावाचा ठराव आहे, म्हणून मी मत देणार नाही.”

घरी परतताना मी बाईंवर चिडले होते. असं आधीच मानून कशाला टाकायचं? एक मत कमी का करायचं? त्या मोर्चा काढू शकल्या असत्या. वर्तमानपत्रात एक फोटो आला असता तर सभागृहवाले गप्प बसले असते. दुसऱ्या दिवशी कोर्टावर मी त्यांना हे सगळं बोलून दाखवलं. बाई चेंडू झटकत होत्या. म्हणाल्या, त्या मधल्या कोर्टावर ती दुसरी मुलगी येऊन बसली नसती तर मला बाद केलं असतं. तिला मी बोलावलं नव्हतं.

त्यांच्या या हट्टाला मी काही करू शकत नाही. पण बोलवायला मला कुणी मना केलेलं नाही.

आणि बोलवायला हवंच, कारण ग्रामसभा झाली. झाली म्हणजे भरली आणि तहकूब झाली. माणसंच पुरेशी नव्हती. असणार कशी? मळणी संपली की अर्धं गाव भिवंडी, वसई, ठाण्याकडे जातं, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर. गाव बाहेर असताना गावाची सभा बोलावली आणि गाव आलं नाही म्हणून पुढे ढकलली. आता नियम असा आहे की तहकूब झालेल्या सभेला किती माणसं हवीत याचं बंधन नसतं. दहा जण बसले तरी सभा होते आणि दहा जणांचा ठराव अख्ख्या गावाचा ठराव होतो. कोर्ट सारवणाऱ्या बायकांपैकी आत्ता गावात सात आहेत. सविता धरून आठ. माझं मत साखरशेतला आहे, ते इथे चालत नाही. आईचंही नाही. उरलेल्या बायका तुमच्याकडे आहेत.

होय, तुमच्याकडे. तुम्ही भिवंडी-वसईकडे राहत असाल, घर बांधत असाल, तुमच्या नव्या इमारतीखाली विटांचा ढीग पडलेला असेल, तुमच्या ओळखीच्या कुणाची भट्टी असेल, तर उद्या सकाळी तिथे जा. डोक्यावर घमेलं घेतलेल्या बाईला थांबवा आणि गाव विचारा. जव्हार किंवा मोखाडा म्हणाली, तर पुढे विचारा, टेनिसच्या खळ्याचं गाव का? ‘हो’ म्हणाली तर तिला सांगा, येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता ग्रामपंचायतीत तहकूब सभा आहे, बाईंचं कोर्ट ठरायचं आहे. एवढा निरोप तिला पुरेल. मग मुकादमाशी बोला, मालकाशी बोला, तुम्हीच मालक असाल तर स्वतःशी बोला, आणि तिला दोन दिवस मोकळं करा. रविवारी संध्याकाळी सोडू नका, दुपारीच सोडा. अंधार पडल्यावर जव्हारहून पुढे जीप मिळत नाही.